खोडव्यातला केवडा: पोतं फोडण्याआधी मूळ बघा

तोडणी होऊन महिना-दीड महिना झाला की आमच्या माळशिरस भागात, नीरा उजव्या कालव्याखालच्या रानांत, खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाचे, पट्टेच्या पट्टे पिवळे दिसायला लागतात. यालाच आम्ही केवडा म्हणतो. पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, तर कधी कधी जवळजवळ पांढराच निघतो. शेजारचा पोरगा बांधावरूनच हाक मारतो, "काकू, केवडा पडलाय, काय मारू?" मी त्याला आधी विचारते, "कुठलं पान पिवळंय रे, खालचं का वरचं?" त्याचं उत्तर कळल्याशिवाय दुकानात जाण्यात अर्थ नाही.

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानातून ते काढून कोवळ्या पानाला देतं, म्हणून लक्षण खालच्या पानावर दिसतं. नत्र कमी असेल तर खालचं पान अख्खं फिकं पडतं. पालाश कमी असेल तर खालच्या पानाच्या टोकाकडून कडा करपत येतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. त्यामुळे लोहाची ओढ असली की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवं पान पिवळं निघतं. उसाचं असं पान हातात धरून उन्हाकडे करा. शिरा हिरव्या आणि दोन शिरांमधली जागा पिवळी, असे बुडापासून टोकापर्यंत बारीक लांब पट्टे दिसतील. अख्खं नवं पान एकसारखं पिवळं असेल, पट्टे नसतील, तर गंधकाचाही संशय घ्या.

खात्री करायची एक साधी तपासणी आहे आणि मला ती फार आवडते, कारण तिथे पान स्वतःच उत्तर देतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवायचं, मग पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि दोन थेंब स्टिकर, म्हणजे द्रावण पानाला चिकटवून ठेवणारं औषध. संध्याकाळी पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला ब्रशने हे पाणी लावायचं, दुसरी बाजू कोरडी ठेवायची. पानाला दोरा बांधून खूण करा, नाहीतर नंतर ते सापडत नाही. आठवड्याभरात लावलेली बाजू हिरवी होऊ लागली आणि दुसरी तशीच पिवळी राहिली, तर दुखणं लोहाचंच. काहीच फरक पडला नाही, तर लोहावर पैसे घालू नका.

आता गंमत अशी की आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची. तिच्यात लोह टक्क्यांत मोजावं इतकं आहे, आणि उसाच्या पिकाला लागतं ते एकरी जेमतेम काही किलो. तरी पान पिवळं पडतं, कारण मूळ माती खात नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याची जी पातळ ओल असते, तिच्यात विरघळलेले क्षार तेवढे ते आत घेतं. चुनखडीच्या जमिनीत, सामू (पीएच) आठाच्या वर गेला की, लोह गंजाच्या रूपात घट्ट बसतं आणि त्या ओलीत नावापुरतंच उतरतं. जस्त आणि मँगेनीजचीही थोड्याफार फरकाने हीच गत. स्फुरद तर चुन्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसतो.

तुमच्या रानात चुना किती आहे याचा अंदाज घरीच येतो. वाळलेल्या मातीचं ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर थोडं व्हिनेगर टाका. कान जवळ नेला की चुरचुर ऐकू येते, बारीक फेस दिसतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर फसफस जोरात होते, पण ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. वरच्या थरात फेस नसला तरी दीड फुटावरची माती काढून तीच तपासणी पुन्हा करा. आमच्याकडे चुनखडीचे पांढरे खडे बऱ्याचदा खालीच सापडतात.

यानंतर कुदळ घ्या. उसाच्या बेटापासून, म्हणजे एका बुडख्यातून फुटलेल्या झुबक्यापासून, वीतभर अंतरावर, अर्धा-पाऊण फूट खोल माती काढा आणि ती हातात हळूच फोडा. काळी-तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटणारी मुळं दिसतील. ती तोडलेल्या लागणीच्या, म्हणजे पहिल्यांदा लावलेल्या, उसाची. ती आता मरत चाललेली असतात. खोडव्याच्या नव्या फुटव्यांना स्वतःची मुळं फुटायला वेळ लागतो. या मधल्या काळात वर कोंभ वाढतोय आणि खाली अन्न घेणारं फारसं कुणी नाही, अशी अवस्था असते. खोडव्यात सुरुवातीलाच केवडा जास्त का दिसतो, याचं बरंचसं कारण हे आहे. नवी मुळी पांढरी, भरीव, टोकाला किंचित पिवळसर असते. ती पाण्याच्या पेल्यात अलगद बुडवून बघा. टोकाच्या थोडं मागे पांढरी लव दिसेल, तिला मातीचे कण चिकटलेले असतील. हेच मूलरोम. बहुतेक अन्न याच टापूतून आत जातं. जाड जुन्या मुळाचं मुख्य काम झाड धरून ठेवणं आणि पाणी-अन्न वर पोचवणं.

आत जातं कसं, हे समजून घेतलं की पुढची सगळी कामं आपोआप सुचतात, म्हणून इथे जरा थांबते. मुळाच्या पेशी आपल्या पडद्यातून आम्लाचे कण, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित आयन, सतत बाहेर ढकलत असतात. त्यामुळे आत ऋणभार राहतो आणि पोटॅशियमसारखे धनभारित कण ठरावीक दारांतून आत ओढले जातात. नायट्रेट ऋणभारित, म्हणून ते परत येणाऱ्या हायड्रोजनच्या जोडीने आत शिरतं. पुढे मुळाच्या आतल्या थरात पेशींभोवती कॅस्पेरियन पट्टी नावाचा जलरोधक पट्टा असतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कास्परी यांनी तो १८६५ मध्ये वर्णन केला. पेशींच्या फटींतून सरकत आलेल्या पाण्याला हा नाका ओलांडता येत नाही. कुठल्या तरी जिवंत पेशीच्या पडद्यातून गेल्याशिवाय क्षार वर चढत नाहीत. या सगळ्याला शक्ती लागते. ती पानाने पाठवलेल्या साखरेतून येते, आणि ती साखर वापरायला मुळाला प्राणवायू लागतो.

म्हणून पहिला उपाय पाण्याचा, आणि तो फुकट आहे. कालव्याला पाणी आलं की रान तुंबवायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि माझ्या मते खोडव्याचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. भिजून चिकट झालेल्या काळ्या रानात हवा राहत नाही, मुळाचा पंप मंदावतो. शिवाय मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वर निघू शकत नाही. चुन्याशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि मुळाने लोहासाठी सोडलेलं आम्ल ते तिथल्या तिथे मारून टाकतं. पाणी वाढलं की केवडा वाढतो, तो असा. पुढची पाळी देण्याआधी सहा इंच खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा होतो, पण हाताला चिखल लागत नाही, बोटाने टोकला की फुटतो, असा वाफसा असेल तर मुळी श्वास घेतेय. तोवर पाणी देऊ नका. बगला फोडून, म्हणजे सरीच्या कडेची माती नांगराने मोकळी करून, आणि पाण्याचा निचरा मोकळा करून कित्येक रानं खताशिवायच निम्मी हिरवी होतात.

पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळू नका, सरीत पसरा. मात्र पाचट कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी जमिनीतला नत्र उचलतात, म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून ओल द्यायची. कुजताना जी सेंद्रिय आम्लं निघतात ती लोह-जस्ताला धरून विरघळलेलं ठेवतात.

हिराकस जमिनीत देताना कधीच नुसतं विस्कटू नका. चुनखडीच्या मातीला लागलं की थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो. उसासाठी एकरी साधारण दहा किलो फेरस सल्फेट, आठ किलो झिंक सल्फेट, चार किलो मँगेनीज सल्फेट आणि दोन किलो बोरॅक्स हे प्रमाण धरतात. हे सगळं दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचं, पाणी शिंपडून ओलसर ठेवायचं, गोणपाटाने झाकून पाच-सहा दिवस मुरू द्यायचं आणि मग मुळांच्या कक्षेत मातीआड करायचं. अर्थात माती परीक्षणात जे कमी आलंय तेच घाला. बोरॉन गरजेपेक्षा जास्त झालं तर पिकाला बाधतं.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह, घेणार असाल तर पुडीवर त्या रेणूचं नाव वाचा. ईडीटीएच्या रूपातलं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की सुटू लागतं, आपल्या जमिनीत ते टिकत नाही. ईडीडीएचए नवाच्या आसपासही टिकतं. ते पाण्यात टाकलं की गडद लालभडक रंग येतो. ते महाग आहे, म्हणून ठिबकमधून मुळापाशीच द्या. जस्तासाठी मात्र ईडीटीए चालतं.

तातडीचा आधार फवारणीचा. अर्धा टक्का फेरस सल्फेट, जोडीला एक दशांश टक्का सायट्रिक आम्ल, आणि पोंगा नीट भिजेल अशी संध्याकाळची फवारणी. हिराकसचे खडे फिकट हिरवे असावेत. तांबूस, भुकटी झालेला माल फवारणीला घेऊ नका, त्याचा गंज आधीच झालाय. बोअरच्या जड पाण्यात द्रावण तपकिरी पडतं, तसं झालं तर फवारू नका. स्फुरदयुक्त विद्राव्य खत या टाकीत मिसळायचं नाही; लोह आणि स्फुरद एकमेकांना धरून तळाशी बसतात. लोह जुन्या पानातून नव्यात जात नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी निघालेल्या नव्या पानासाठी फवारणी पुन्हा करावी लागते. फवारणीने वेळ मिळतो. तेवढ्यात खाली मुळी तयार व्हायला हवी.

नेहमीचं खत कसं द्यायचं, हेही मूळच सांगतं. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं. स्फुरद तसा येत नाही, तो मातीतून काही मिलिमीटरच सरकतो. सरीत वरून फेकलेला स्फुरद वरच राहतो आणि मुळी खाली उपाशी. म्हणूनच पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राकडून आलेली पहारीची पद्धत मला पटते. बेटापासून चार ते सहा इंच अंतरावर पहारीने तेवढंच खोल भोक घ्यायचं, दोन भोकांत एक फूट अंतर, त्यात खत टाकून मातीने बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. मजुरी लागते, पण युरियाही उघड्यावर उडून जात नाही. नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून द्या. मूळ अमोनियम आत घेताना आम्ल बाहेर सोडतं, त्यामुळे मुळीलगतच्या मातीचा सामू थोडा उतरतो आणि लोह-जस्त सुटतं. नायट्रेट घेताना नेमकं उलटं होतं.

"गंधक टाकून चुना मारता येईल का," हे मला पुष्कळ जण विचारतात. हिशेब करून बघा. एकरात वरच्या अर्ध्या फुटात साधारण ८०० टन माती. एक टक्का चुना म्हणजे ८ टन, आणि तो विरवायला अडीच टन गंधक. दहा टक्के चुना असलेलं रान कुणी बदलू शकत नाही. मुळीलगतची चिमूटभर माती बदलता येते, आणि वर सांगितलेलं सगळं त्यासाठीच आहे.

माती परीक्षण तोडणीनंतर, खत घालण्याआधी करा. रानात आठ-दहा ठिकाणी एक फूट खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या भिंतीवरची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचा जुना ढीग सोडून द्या. गंजलेलं खुरपं वापरू नका, नाहीतर अहवालात त्याचंच लोह मोजलं जाईल. लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकचं घमेलं बरं. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. प्रयोगशाळेत नत्र-स्फुरद-पालाश एवढ्यावर थांबू नका. सामू, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना आणि उपलब्ध लोह-जस्त मागून घ्या. लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली किंवा जस्त ०.६ च्या खाली आलं तर ते कमी समजायचं. आणि जमलं तर त्याच दिवशी बोअरच्या पाण्याची बाटलीही द्या. पाण्यात बायकार्बोनेट जास्त निघालं, तर फवारणीसाठी कालव्याचं किंवा पावसाचं पाणी साठवून ठेवावं लागेल.