नवख्यांसाठी कॉन्ट्रा डान्सची संध्याकाळ: कॉलर होताना मला काय उमगलं

पहिल्यांदा मी अख्खी संध्याकाळ एकटीने कॉल केली, म्हणजे नाचणाऱ्यांना पुढची हालचाल पुकारून सांगितली, तेव्हा हॉलमध्ये ३४ माणसं होती. त्यांतली वीसेक आयुष्यात पहिल्यांदा कॉन्ट्रा नाचायला आलेली. मॅसॅच्युसेट्समधलं छोटं गाव, लाकडी जमिनीचा जुना हॉल, फिडल आणि पियानो वाजवणारे दोघं. मी मला स्वतःला आवडणारे नाच निवडून नेले होते. तिसऱ्याच नाचात ‘हे फॉर फोर’ होती. ही चौघांची आकृती. वेणी घालावी तसं एकमेकांमधून जायचं असतं. ती समजावण्यात माझी नऊ मिनिटं गेली. संगीत सुरू झालं आणि दुसऱ्याच फेरीला रांग मधोमध तुटली. मध्यंतरानंतर अकरा जण परत आले नाहीत. त्या रात्री घरी येऊन मी नाच लिहिलेल्या कार्डांचा डबा उघडला आणि निम्मी कार्डं बाहेर काढून ठेवली.

तुम्ही वर्ष-दोन वर्षं कॉन्ट्रा नाचत असाल आणि कुणी म्हणालं असेल, ‘एकदा नवख्यांची संध्याकाळ कॉल करून बघ ना’, तर हे तुमच्यासाठी आहे.

ज्यांनी कॉन्ट्रा पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. वरच्या टोकापासून ‘हँड्स फोर’ करत दोन-दोन जोड्यांचे गट पडतात. तुमच्या गटातली दुसऱ्या जोडीतली व्यक्ती म्हणजे तुमचा ‘नेबर’. ६४ ठोक्यांत एक फेरी संपते आणि प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते. तोच नाच नव्या शेजाऱ्यांबरोबर पुन्हा सुरू. टोकाला पोचलेली जोडी एक फेरी थांबून उलट दिशेने परत येते. कॉलर आधी संगीताशिवाय नाच चालवून दाखवतो, त्याला वॉकथ्रू म्हणतात, आणि मग संगीत चालू असताना पुढची आकृती पुकारत राहतो. याचं मूळ इंग्लंडच्या कंट्री डान्समध्ये आहे. जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये लंडनला त्या नाचांचा संग्रह छापला. पुढे हे नाच फ्रान्समध्ये गेले, अमेरिकेत आले आणि न्यू इंग्लंडच्या खेड्यांत टिकून राहिले. न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेज यांनी विसाव्या शतकात हा धागा सांभाळला, आणि साठ-सत्तरच्या दशकांत डडली लॉफमन यांच्यामुळे तरुण पिढी पुन्हा या हॉलांकडे वळली. आज मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफिल्डच्या गायडिंग स्टार ग्रेंज या हॉलमध्ये किंवा न्यू हॅम्पशरमधल्या नेल्सनच्या टाउन हॉलमध्ये जाल, तर शाळकरी मुलं आणि सत्तरीतली माणसं एकाच रांगेत दिसतात. मला या नाचाचं सगळ्यांत मोठं आकर्षण तेच वाटतं.

आता कॉलिंगचं. मी पुण्यात लहानपणी सहा वर्षं कथक शिकले, आणि इथे मला त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही. कॉन्ट्राच्या ६४ ठोक्यांचे १६-१६ चे चार भाग असतात, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. प्रत्येक आकृती साधारण आठ ठोक्यांची. नाचणारा समेवर पाऊल टाकतो, म्हणून कॉलरचा शेवटचा शब्द समेच्या आधी, सातव्या-आठव्या ठोक्यावर संपायला हवा. ‘पार्टनर, स्विंग’ (जोडीदाराला धरून जागेवर गोल फिरा) हे शब्द पहिल्या ठोक्यावर उच्चारलेत, तर ऐकून, समजून, वळेपर्यंत तीन ठोके गेलेले असतात. मग सगळी रांग उशिरा पोचते आणि पुढची प्रत्येक आकृती उशिरा सुरू होते. नवख्यांना वाटतं आपल्याला नाच जमत नाही. खरं तर कॉल उशिरा आलेला असतो.

याचा सराव एकट्याने करता येतो. रेकॉर्डिंग लावा, भांडी घासताना ठोके मोजा आणि पाच-सहा-सात-आठवर पुढची आकृती मोठ्याने म्हणा. मी तीन महिने रोज हे केलं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण वाक्य, मग दोन शब्द, मग एक, आणि पाय स्वतःहून चालायला लागले की गप्प. मात्र गप्प असतानाही नजर रांगेवर हवी. कुठे घोळ दिसला, की पुढच्याच समेआधी आवाज परत यायला हवा.

त्या फसलेल्या रात्रीनंतर माझं मत पक्कं झालं, की नवख्यांची संध्याकाळ खरी घडते ती घरी, नाच निवडताना. माईकसमोर कितीही गोड बोललात तरी चुकीचा नाच वाचत नाही. मी प्रत्येक नाचात एकच नवी गोष्ट ठेवते. सुरुवात नेहमी मोठ्या गोलाने करते: आत या, मागे जा, डावीकडे फिरा, उजवीकडे फिरा. उशिरा येणारे दारातून थेट गोलात शिरू शकतात, कोट काढायचाही वेळ लागत नाही. वॉकथ्रू दोन मिनिटांच्या आत. नाच सुरू होण्याआधी अर्धा तास धडा देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण हॉलमधले जवळपास सगळेच नवखे असतील तर मी ती टाळते, कारण माणसं नाचायला आलेली असतात आणि पहिल्या पाच मिनिटांत संगीत कानावर पडलं नाही तर त्यांचे खांदे आखडतात.

दुसऱ्या क्रमांकाला गॅलपीड. जुना इंग्लिश नाच, अख्ख्या रांगेचा. रांगा पुढे-मागे, मग समोरासमोर जागा बदलायच्या, परत यायचं, जोडीदाराबरोबर स्विंग, आणि वरची जोडी दोन रांगांच्या मधून उड्या मारत खाली जाते. सगळे टाळ्या वाजवतात. शेजारी बदलण्याची भानगड यात नसते, पण लांब रांगेत उभं राहायची आणि जोडीदार समोर असण्याची सवय मात्र होते. तिसरा नाच जोडीदार बदलत जाणारा गोलातला ठेवते, म्हणजे एकत्र आलेले मित्र सुटे होतात. पहिला खरा कॉन्ट्रा चौथ्या क्रमांकाला येतो, आणि तो असा: नेबरबरोबर डो-सी-डो (तोंड न वळवता एकमेकांभोवती फिरून जागेवर येणं), नेबरबरोबर स्विंग, लांब रांगा पुढे आणि मागे, चौघांचा गोल डावीकडे पाऊण फेरी, जोडीदाराबरोबर बॅलन्स (हात धरून जवळ येणं आणि मागे जाणं) आणि स्विंग, पूर्ण सोळा ठोके, पुन्हा गोल पाऊण फेरी, गोलातच बॅलन्स, आणि समोरच्याला ओलांडून पुढच्या नेबरकडे. बस. यात ‘चेन’ (दोघं उजवा हात देत मधून पलीकडे जातात आणि तिथली व्यक्ती त्यांना वळवून घेते) नाही, ‘हे’ नाही. अनुभवी लोकांनाही हा कंटाळवाणा वाटत नाही, कारण स्विंग भरपूर आहे.

या नाचात अडकण्याची जागा एकच, ती पाऊण फेरी. अपूर्णांक ऐकले की माणसं पूर्ण गोल फिरून येतात. म्हणून मी आकडा सांगतच नाही. ‘तुमचा जोडीदार रांगेत तुमच्या बाजूला आला की थांबा’ असं सांगते. शेवटच्या गोलाला सांगते, ‘ज्यांच्याबरोबर सुरुवात केलीत ते समोर दिसले की थांबा.’ माणूस दिसतो, तीन चतुर्थांश दिसत नाहीत.

स्विंगला मात्र वेळ द्या, कारण संध्याकाळचा सगळा आनंद तिथे आहे. फुगडी खेळलेल्या कुणालाही हे पटकन कळेल: मागे रेललं, समोरच्याने आपलं वजन धरलं, आपण त्याचं धरलं, की दोघं हलके होतात. इथे हात धरायची पद्धत वेगळी, उजवे पाय जवळ आणि चाल बारीक, पण वजन देण्याचं तत्त्व तेच. चक्कर येत असेल तर जोडीदाराच्या डोळ्यांकडे बघा, ते अवघड वाटलं तर कानाकडे किंवा खांद्याकडे. जवळ धरणं नको असेल तर दोन्ही हात धरून किंवा कोपरात कोपर अडकवून फिरा. हा पर्याय मी कुणी विचारायच्या आधीच माईकवरून सांगते. जोडीत लार्क आणि रॉबिन अशा दोन भूमिका असतात; स्विंग संपताना लार्क डावीकडे आणि रॉबिन उजवीकडे उघडतो. पूर्वी या भूमिकांना ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ म्हणत. आता पुष्कळ ठिकाणी लार्क-रॉबिन म्हणतात आणि कुणीही कुठलीही भूमिका नाचतं. इंग्रजीत लेफ्टचं पहिलं अक्षर लार्कचं, राइटचं रॉबिनचं, म्हणून लक्षातही राहतं. नवख्यांना मी एवढंच सांगते: जोडलेले पुढचे हात जिकडे जायचं तिकडे रोखा आणि पुस्तक उघडावं तसे उघडा.

चेनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तिच्या शेवटी जोडीने जे वळण घ्यायचं असतं, ते सवयीने येतं, समजावून येत नाही. पहिल्या संध्याकाळी मी ती शिकवत नाही. इतर कॉलर शिकवतात आणि काहींना ती सुंदर जमतेही.

वादकांशी आठवडाभर आधी बोला. नवख्यांसाठी मला मिनिटाला ११० च्या आसपास ठोके हवे असतात. या गतीला एक फेरी ३५ सेकंदांत होते, म्हणजे नऊ फेऱ्या पाच मिनिटांत, आणि सुरुवातीच्या नाचांना तेवढं पुरे. धून अशी मागा, की तिचे आठ-आठ ठोक्यांचे तुकडे कानाला स्पष्ट कळतील. गुंतागुंतीची धून कितीही गोड असली तरी ती दुसऱ्या रात्रीसाठी. सुरुवातीचे चार ठोके, ज्यांना वादक ‘फोर पोटॅटोज’ म्हणतात, तुमचा पहिला कॉल जागेवर बसवायला असतात. थांबायचं कसं, ती खूणही आधीच ठरवा. मी दोन फेऱ्या उरल्या की फिडलवाल्याकडे दोन बोटं दाखवते.

जुने नाचणारे तुमचं सगळ्यांत मोठं बळ. पण नवखे लाजून रांगेच्या खालच्या टोकाला, कॉलरपासून सगळ्यांत लांब जमतात आणि जुने वर जमतात. म्हणून मी दारातच चार-पाच जुन्या मंडळींना विनंती करते: मध्यंतरापर्यंत नव्या माणसालाच जोडीदार करा, खालच्या टोकाला उभे राहा, आणि वॉकथ्रू चालू असताना शिकवू नका. दोन आवाज एकाच वेळी आले की नवखा दोन्ही सोडून देतो. योग्य वेळी पुढे केलेला हात मात्र त्याला लगेच कळतो.

आणि रांग तुटेलच. तुटली तर संगीत थांबवू नका. मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, ‘हरवलात तर जोडीदार शोधा आणि स्विंग करत राहा.’ फेरीच्या शेवटी सगळ्यांना पुढच्या नेबरसमोर उभं करा, नवी फेरी मोकळी मिळते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी खालचे आठ जण पूर्ण विस्कटले होते. मी दोन फेऱ्या फक्त त्यांच्याकडे बघून कॉल केलं, तिसऱ्या फेरीला त्यांच्यातल्याच एका आजोबांनी शेजारच्या मुलीला हात पुढे करून गोलात घेतलं आणि ती जागा सांधली गेली. शेवटच्या वॉल्ट्झला दोघं एकमेकांबरोबर नाचले.

येत्या शनिवारी पुन्हा नवख्यांची संध्याकाळ आहे. दोन तासांसाठी सात कार्डं काढून टेबलावर ठेवली आहेत. आठवं, चेनचं कार्ड, डब्याच्या झाकणावर आहे. हॉलमधली माणसं बघून ठरवेन.