पाठदुखीचा फॉर्म भरताना

कंबर किंवा पाठ दुखते म्हणून उपचार सुरू केले, की काही ठिकाणी दोन वेगळे फॉर्म भरून घेतात. दुखण्यामुळे रोजची कोणती कामे अडतात हे एकात विचारलेले असते, तर उपचाराबद्दल आपण कितपत समाधानी आहोत हे दुसऱ्यात. रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांना फिजिओथेरपी देताना मी अनेकदा पाहिले आहे, की या दोन्हींची उत्तरे एकमेकांत मिसळतात आणि मग उपचाराची दिशाच चुकते.

पहिल्या प्रकारात सर्वाधिक वापरला जाणारा फॉर्म म्हणजे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला ओस्वेस्ट्री निर्देशांक. वेदना, अंघोळ-कपडे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणे आणि प्रवास असे त्याचे दहा विभाग असून प्रत्येकात सहा वाक्ये असतात. त्यांतले आजच्या स्थितीला सर्वांत जवळचे एकच वाक्य निवडायचे. मागच्या लावणीत काय हाल झाले होते किंवा पुढे काय होईल, याचा विचार येथे करू नये.

प्रश्न आपल्या घरातल्या कामांशी ताडून पाहावा. एका काकूंनी बसण्याच्या प्रश्नाला "बसते की तासभर" असे सहज सांगितले. पण विळीवर नारळ खवताना काय होते असे विचारल्यावर कळले, की अर्धा नारळ होईतो त्यांना भिंतीचा आधार घेऊन उठावे लागते. फॉर्ममध्ये खुर्चीबद्दल विचारलेले असते, म्हणून उत्तर खुर्चीचेच द्यावे, मात्र विळीची गोष्ट शेजारी लिहून ठेवावी, कारण व्यायाम ठरवताना तीच अधिक उपयोगी पडते. वजनासाठी विहिरीवरची भरलेली कळशी किंवा आंब्याची पेटी आठवावी, आणि प्रवासासाठी एसटीने तालुक्याला जाऊन येणे. सून कळशी आणते म्हणून "त्रास नाही" असे लिहू नये. स्वतः उचलली तर काय होईल, ते महत्त्वाचे.

प्रत्येक वाक्याला ० ते ५ गुण असतात. दहा विभागांची बेरीज २१ आली, तर ५० पैकी २१ म्हणजे ४२ टक्के. लैंगिक जीवनाचा प्रश्न संकोचाने सोडला, तरी चालते. मग बेरीज ४५ ने भागून टक्के काढावेत. पुढच्या भेटीत ४२ चे ३९ झाले, तर लगेच हुरळून जाऊ नये, कारण साधारण १० अंकांचा फरक पडला तरच खरी सुधारणा झाली असे सहसा मानतात.

समाधानाचा फॉर्म घरी निवांत भरावा. डॉक्टर प्रेमाने बोलले म्हणून दुखणे कमी लिहिणे, किंवा दोन तास बाकावर बसवून ठेवले म्हणून ते वाढवून लिहिणे, हे दोन्ही टाळावे. रांग, समजावून सांगणे, खर्च आणि वागणूक यांबद्दलची तक्रार याच फॉर्ममध्ये स्पष्ट लिहावी. कंबर तशीच असूनही माणूस समाधानी असू शकतो, आणि उलटही घडते. म्हणून तर फॉर्म दोन आहेत.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसले, तर मात्र फॉर्म बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे.