आधी झाकण बघा, मग स्पिरिट आणा

घरी जंतुनाशक वाइप्स करायचे तर सगळे स्पिरिटपासून सुरुवात करतात. तुम्ही डब्यापासून करा. रुंद तोंडाचा, जाड प्लास्टिकचा, झाकणात रबरी रिंग असलेला. पाणी भरून उलटा धरा. थेंब जरी गळला तरी तो डबा बाद. स्टीलचे डबे लाडवांसाठी ठेवा, त्यांची झाकणं सहसा हवाबंद नसतात. आणि झाकणाला भोक पाडायचं नाही. मागच्या वेळी मी पाडलं होतं, त्यातून कागदाचं टोक दुकानातल्यासारखं बाहेर काढलं आणि खूश झाले. भोक बंद करायला हवं, हे डोक्यातच आलं नाही. स्पिरिटमधलं अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं. डब्यात कागद ओलाच लागतो, म्हणून आपण बिनधास्त पुसत बसतो, आणि त्यात हळूहळू उरतं ते बहुतेक पाणीच. कोरडा पडला असता तर निदान कळलं तरी असतं.

कागद किचन रोलचा, जाड. टॉयलेट पेपरचा लगदा होतो.

आता स्पिरिट, म्हणजे आपल्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. 70 टक्क्यांचं मिळालं तर तेच घ्या, काही मिसळू नका. 99 टक्क्यांचं मिळालं तर 70 मिलीमध्ये पाणी घालून एकूण 100 मिली करा. ‘जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं’ हे इथे चालत नाही: जंतूंमधली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच, शिवाय 99 टक्क्यांचं क्षणात उडून जातं. पाणी डिस्टिल्ड घ्या, बोअरचं नको, पांढरे डाग राहतात. रंगवाल्याकडचं पॉलिशचं स्पिरिट अजिबात नको, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते विषारी आहे. सुगंधी तेलं, कोरफड, ग्लिसरीन सोडून द्या, सगळं चिकट होतं.

ब्लीच वापरून वाइप्स करायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा. कागदाशी गाठ पडली की ब्लीचचा जोर कमी होतो, आणि पातळ केलेलं ब्लीच तसंही रोज ताजं करावं लागतं. व्हिनेगर किंवा अल्कोहोल त्यात घालणं तर सरळ धोका आहे. व्हिनेगरने विषारी क्लोरीन वायू सुटतो. फिनेल, सॅव्हलॉन, ‘थोडं हेही घालू या’, काहीही नको.

काम करताना गॅस बंद, निरांजन विझलेलं, खिडक्या उघड्या. अल्कोहोलची वाफसुद्धा पेट घेते, म्हणून यात घाई नको. लहान मुलं बाहेर.

रोल मधोमध कापा, आतली पुठ्ठ्याची नळी काढा, अर्धा रोल डब्यात उभा ठेवा आणि द्रव हळूहळू ओता. अर्ध्या रोलला अंदाजे पाव लिटर. कागद सगळीकडे ओला व्हावा, तळाशी तळं साचू नये. झाकण लावा. घट्ट. दर वेळी एक वाइप काढला की लगेच लावा, ‘आत्ता परत लागेलच’ म्हणून उघडा ठेवू नका. आणि हो, भोक नाहीच.

वापरताना आधी मळ साबणाने काढा, मळावर जंतुनाशक वाया जातं. मग पुसा आणि जागा निदान अर्धा मिनिट ओली राहू द्या. लगेच कोरड्या फडक्याने पुसणाऱ्यांनी वाइप्स करूच नयेत. मोबाइल बंद करून पुसा. पॉलिश केलेल्या लाकडावर नको, पॉलिश निघतं. बाळाच्या अंगाला नको. उलटी-जुलाबाची साथ असेल तर यावर विसंबू नका, अशी साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल कमी पडतं.

डब्यावर नाव, तारीख. उन्हात, गाडीत, गॅसजवळ नाही. थोडेच करा. वापरलेले कचऱ्यात, कमोडमध्ये नाही. कागद सुकायला लागला तर वरून पाणी मारू नका, नवे करा, आणि आधी झाकणाची रिंग तपासा.