दादरला चोख, मुलुंडला ओल

घरदुरुस्तीची कामं घेतो. पावसाळ्याआधी एकाच वेळी तीन साइट चालू होत्या: दादर, मुलुंड, बोरिवली. दादरचं बाथरूम चोख. मुलुंडला मात्र खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली. सामान तेच, दर तोच, मिस्त्री वेगळा. मी लोकलला लटकत तिन्हीकडे जायचो खरा, पण पोचेपर्यंत लाद्या बसलेल्या असायच्या. झाकलेलं काम तपासणार काय, कप्पाळ!

मग एकच अट घातली. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूमचं पाणी जायचं तोंड बंद करून 48 तास पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची, दोन्ही दिवसांचे फोटो ग्रुपवर टाकायचे. फोटोशिवाय लादी नाही आणि मिस्त्रीचा पुढचा हप्ताही नाही. (खरं सांगायचं तर हप्ता अडकल्यावरच फोटो यायला लागले.)

लाद्या सुकल्या की नाण्याने टकटक. पोकळ वाजेल ती काढायची.

"साहेब, एवढ्याने काय होतंय?" मुलुंडचा मिस्त्री कुरकुरला. नाणं त्याच्याच हातात दिलं. चार लाद्या त्यानेच उखडल्या.

प्रत्येक बाथरूममागे दोन दिवस वाढले. गिऱ्हाइकाला आता ते सुरुवातीलाच सांगतो.