कानातला 'चीं' आवाज श्रवणयंत्राने आटोक्यात आला: माझा अनुभव

दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा बारीक आवाज, शांततेत जास्त. फोंड्याला रात्री वीज गेली, पंखा थांबला की झोप उडालीच म्हणून समजा. मळ काढून घेतला, थेंब घातले, गोळ्या घेतल्या, फरक शून्य. अगदी वैताग आला होता.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. आवाज एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल, तर ही पायरी टाळूच नका. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी: ४००० हर्ट्झच्या वरचं, म्हणजे उंच पट्टीचं, कमी ऐकू येत होतं. बाहेरचे बारीक आवाज पोचत नाहीत, तेव्हा आतला जास्त जाणवतो.

कानामागचं श्रवणयंत्र घेतलं, टोकाला भोकांचा मऊ डोम, म्हणजे कानात बसणारी टोपी. बंद डोमने कान दडपतो आणि आतला आवाज उठून येतो. पहिल्यांदा फक्त ऐकण्याचं सेटिंग, त्याची सवय झाल्यावर यंत्र स्वतः काढतं तो फसफस आवाज सुरू केला. तो कानातल्या आवाजापेक्षा किंचित खाली ठेवायचा, पूर्ण झाकायचा नाही. यंत्र दिवसभर लावायचं, फक्त शांत खोलीत बसल्यावर नव्हे.

आवाज गेलेला नाही, पण कामात असताना आठवतही नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, बॅटरीचं दार उघडं ठेवून.