वऱ्हाडात बदली झाली? आधी टायर बघा

सांगलीहून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला आलो त्याला आता पंधरा वर्षं झाली. दर जूनमध्ये बँकेत, कॉलेजात, ग्रामीण रुग्णालयात नवे चेहरे येतात. त्यातले काही आमच्याकडे चहाला येतात. घर कुठे मिळेल, दूध कोण घालतं, नळाला पाणी कधी येतं, हे सगळं विचारून होतं, आणि त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले की माझी नजर त्यांच्या गाडीच्या चाकांवर जाते. हल्ली बऱ्याच जणांकडे स्लाव्हिया, व्हर्टस, वेर्ना अशा टर्बो गाड्या असतात. पळायला चपळ, जमिनीला लागून चालणाऱ्या, टायरची भिंत, म्हणजे रिंगपासून रस्त्यापर्यंतची बाजू, बुटकी. टायर मात्र बहुतेकदा पुण्याकडे तीस-चाळीस हजार किलोमीटर फिरून आलेले. घराचं, दुधाचं हळूहळू जमतं. टायरचं काम पहिल्या उन्हाळ्याच्या आत उरका, हे मी प्रत्येकाला सांगते. आज जरा सविस्तर सांगते.

आम्ही इकडे येताना तिकडेच एका दुकानातून मागचे दोन टायर बदलून घेतले होते. सूट चांगली मिळाली. टायर कोरे करकरीत, वरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी यवतमाळहून वर्ध्याकडे निघालो. कळंब मागे पडलं आणि मागचा डावा टायर फुटला. लेक मागच्या सीटवर झोपली होती. यजमानांनी ब्रेकवर पाय दिला नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि गाडी आपसूक मंदावू दिली, म्हणून आम्ही धड उतरलो. टायरची भिंत रिंगपासून गोल कापल्यासारखी सुटली होती. स्टेपनी लावून पुढच्या फाट्यावर गेलो. तिथल्या म्हाताऱ्या पंक्चरवाल्याने फुटलेला टायर हातात घेतला, भिंतीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि चार आकडे दाखवले. "ताई, हे टायर त चार वर्साचं हाये. दुकानातच म्हातारं झालं थे." मग दुसऱ्या बाजूच्या चाकात हवा मोजली. ती २५ पौंड भरली. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं आणि आम्ही ते ऐकलं होतं.

ते चार आकडे तुम्हीही वाचायला शिका. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार अंक. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. ही ओळ कधी कधी एकाच भिंतीवर पूर्ण असते, त्यामुळे टायर बसवण्याआधी उलटसुलट करून बघायचा. एकदा बसला की आतल्या बाजूची ओळ दिसत नाही. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या वरचा मी घेत नाही. गाडीवरचा टायर पाच वर्षांचा झाला की नक्षी कितीही शिल्लक असो, दरवर्षी भिंती तपासून घ्यायच्या. उन्हाने सुकलेल्या काळ्या वावराला पडतात तशा बारीक भेगा भिंतीवर दिसल्या, की तो टायर इथल्या मे महिन्यात न्यायचा नाही.

आता 'ऑल-सीझन'बद्दल. नवे लोक हे हमखास विचारतात, कारण परदेशी व्हिडिओंत हा शब्द सारखा येतो. तिकडे उन्हाळ्याचे टायर वेगळे, बर्फाचे वेगळे. पारा ७ अंशांच्या खाली उतरला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं, म्हणून दोन्ही दिवस निभावणारा मधला प्रकार म्हणजे ऑल-सीझन. डोंगराची तीन शिखरं आणि मध्ये हिमकण अशी खूण ज्या टायरवर असते तो खरोखर बर्फासाठी तपासलेला. आपल्याला त्याचा उपयोग नाही. इथे थंडी पडते ती पहाटेपुरती. खरी परीक्षा आहे उन्हाची. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले, आणि ४४-४५ तर बहुतेक उन्हाळ्यांत असतातच. हे सावलीतलं तापमान झालं, डांबर त्याहून कितीतरी तापतं. थंडीसाठी मऊ ठेवलेलं रबर अशा रस्त्यावर भराभर झिजतं. आपल्याकडच्या दुकानांत कारसाठी जे नेहमीचे टायर मिळतात ते ऊन आणि पाऊस धरूनच बनवलेले असतात. शिवाय जून २०२० पासून परदेशी टायर आयात करायला परवाना लागतो, त्यामुळे व्हिडिओत बघितलेलं मॉडेल इथे शोधत बसू नका. आपल्याला हवा तो बारमाही टायर म्हणजे मे महिन्यात तग धरणारा, जुलैच्या पाण्यात पकड न सोडणारा आणि गिट्टीच्या रस्त्यावर भिंत सांभाळणारा.

माप कसं वाचायचं ते आपल्याच टायरवर बोट ठेवून बघा. २०५/५५ आर १६ ९१ व्ही. रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे सव्वाअकरा सेंटिमीटर, रिंग १६ इंची. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो वजन पेलावं, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. तालुक्याला ट्रॅक्टरचे, बोलेरोचे टायर मागितल्याबरोबर मिळतात, आपल्या मापाचे मागवावे लागतात. तेव्हा दुकानदार म्हणेल, "व्ही नाही, एच घेऊन जा, एवढ्या जोरात कुठं पळवता?" एच २१० पर्यंतचा असतो आणि २१० ने कोणी जात नाही, हे खरंच. पण ते अक्षर नुसत्या वेगाचं नसतं. त्या वेगाला टायरमध्ये जी उष्णता साठते ती तो सोसतो, असा त्याचा अर्थ आहे. कारंजा लाडला समृद्धी महामार्गावर चढलात की तापलेल्या काँक्रीटवरून १२० च्या मर्यादेत तास-तासभर सलग जाता, चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन. तिथे ही शिल्लक उपयोगी पडते. कंपनीने दिलेल्या अक्षराच्या आणि वजनाच्या आकड्याच्या खाली उतरू नका. काही टायरवर 'टेंपरेचर' असं लिहून पुढे ए, बी किंवा सी असतं, तिथे ए बघा. आणि आयएसआय खूण असायलाच हवी.

इथे आलं की आणखी एक सल्ला मिळतो, तो म्हणजे भिंत वाढवून २०५/६० घाला, गाडी खाली घासणार नाही. हिशेब करून बघा. चाकाचा व्यास ६३२ वरून ६५२ मिलिमीटर होतो, गाडी एक सेंटिमीटर उचलली जाते. त्यासाठी काटा १०० दाखवत असताना मूळ मापाच्या मानाने गाडी १०३ ने पळते, वळणावर थोडी सुस्त होते आणि ज्या चपळाईसाठी ही गाडी घेतली ती थोडी गमावते. मी मूळ मापच ठेवलं. दारव्ह्याबाहेरच्या खेड्यांच्या रस्त्यांना खड्डा दिसला की मी गाडी सावकाश आडवी काढते, तेवढं पुरतं. खड्ड्यात रिंग आदळली आणि भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला, तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर संपला. त्यावर कुठलाही जोड चालत नाही.

कंपनी कुठली, हा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण मला तो शेवटचा वाटतो. कारच्या टायरमध्ये ढोबळ तीन जाती. एक जास्त किलोमीटर चालणारी, रबर कडक. एक खेळकर गाड्यांची, रबर मऊ, कोरड्या रस्त्याला घट्ट, पण लवकर झिजणारी. आणि मधली, आरामाची आणि ओल्या रस्त्याची. तुमची गाडी कितीही चपळ असो, इथे मधली घ्या. मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, गुडइयर अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, सीएट सेक्युराड्राइव्ह हे त्या जातीतले. यातला जो ताज्या तारखेचा मिळेल तो घ्या. ताज्या तारखेपुढे नाव मला दुय्यम वाटतं.

बोलेरोसारखी खडबडीत, मोठ्या ठोकळ्यांची नक्षी मागू नका. चिखलात चालेल असं वाटतं, पण इथली काळी माती वेगळी आहे. ओली झाली की फुगते, चिकटते, आणि चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत सगळ्या खाचा भरून टायर गुळगुळीत करून टाकते. मग पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची ती चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर आपली गाडी घालायचीच नाही, डांबरावर लावून चालत जायचं. ट्रॅक्टर वावरातून बाहेर आला की हीच माती पक्क्या रस्त्यावर पडते आणि रिमझिम पाऊस झाला की तिथे लोण्यासारखं होतं. तिथे खोल नक्षी लागते. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते, कायद्याची हद्द १.६. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कायद्यानेही टायर संपला. मी ३ मिलिमीटरला बदलते, कारण पाण्यात पकड त्याच्या बरीच आधी कमी होते. म्हणून टायर धड असून नुसती नक्षी झिजल्यामुळे बदलायचे असतील तर मृगाच्या आत, मे अखेरीला बदला; जुने, भेगाळलेले असतील तर उन्हाळ्याच्या आधीच. पाऊस कोऱ्या नक्षीवर निघतो. चारही टायरचे पैसे नसतील तर दोन घ्या आणि नवे मागे लावा. दुकानदार पुढे लावू म्हणेल, ऐकू नका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. आणि रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर कोरे टायरसुद्धा कामाचे नाहीत. गावकरी थांबलेले दिसले की आपणही थांबायचं.

हवेचं आता नीट सांगते, कारण आमची चूक तीच होती. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. तो आकडा थंड टायरचा. मे महिन्यात हवा पहाटे तपासायची, गाडी रात्रभर उभी असताना. समजा ३३ भरली. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड वाढतो, त्यात चालण्याची उष्णता, त्यामुळे दुपारी ३७-३८ दिसेल. ते धरूनच टायर बनवलेला असतो. त्या वेळी हवा सोडू नका. हवा कमी झाली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापलेली भिंत फुटते. नायट्रोजन भरला तरी चालेल, नाही भरला तरी काही बिघडत नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. दर आठवड्याला मोजणं महत्त्वाचं. स्वतःचा मापक घ्या.

दिवाळीपासून होळीपर्यंत काट्यांचा हंगाम असतो. रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, कुटार उडालेलं असतं, काट्यांचं कुंपण सरकवताना बाभळीचे काटे पडतात, तुरी निघाल्या की वावरातले खुंट भाल्यासारखे उभे असतात. ट्यूबलेसमध्ये बाभळीचा काटा शिरला की लगेच कळत नाही. सकाळी दोन पौंड कमी, तीन दिवसांनी आणखी दोन. साबणाचं पाणी फवारून बघा, बारीक बुडबुडा येतो. नक्षीत काटा असेल तर आपला पंक्चरवाला भोकात रबराची वादी घालून पाच मिनिटांत बसवतो. जमलं तर टायर काढून आतून चकती लावायला सांगा, ती जास्त टिकते. भिंतीत काटा शिरला असेल तर तो दुरुस्त करायचा नाही. आणि त्या माणसाशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्या. "भाऊ" म्हणून हाक मारा, त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. रात्री नऊला आडरानात अडकलात तर शोरूमच्या आधी तोच येईल.

खरेदीला यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर. फोनवर माप, अक्षर आणि तारीख तिन्ही विचारूनच निघा. पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलात तोच लागलाय ना ते पाहा. टायर बसवल्यावर व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, आणि इथल्या रस्त्यांवर दर आठ हजार किलोमीटरला चाकं अदलाबदल करा. भिंतीवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली आहे ना, बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे दुकानातून निघण्याआधी स्वतः वाकून बघा.

स्टेपनीकडेही त्याच दिवशी बघा. बऱ्याच गाड्यांत ती लहान रिंगची असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. वर्षानुवर्षं डिकीखाली पडून तिची हवा उतरते आणि तारीखही जुनी होते. तिच्यात हवा भरून, जॅक आणि पाना जागेवर आहेत याची खात्री करून मगच दारव्ह्याची वाट धरा.