श्रिंपच्या टाकीत वाळलेली पानं कशी द्यायची

नवीन पान टाकलं की चेरी श्रिंप (टाकीत पाळतात ती गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) पहिले काही दिवस त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग पानावर जिवाणू आणि बुरशीचा बुळबुळीत थर धरतो, आणि खरं खाणं तेच. पान मऊ पडलं की तेही कुरतडतात, शेवटी नुसती शिरांची जाळी उरते. नुकती जन्मलेली पिल्लं खाद्य शोधत फिरत नाहीत. त्यांना बसल्या जागी चरायला मिळतं ते पानावरच.

देशी बदामाचं पान सगळ्यांत भरवशाचं. लाल-तपकिरी होऊन आपोआप गळलेलं, कडक वाळलेलं घ्या. पेरूचंही चालतं. तुतीचं मात्र हिरवं तोडून सावलीत वाळवा. ते लवकर मऊ पडतं आणि श्रिंप त्यावर तुटून पडतात. कडुनिंब, कण्हेर, रुई नकोच. जिथे डासांसाठी धूरफवारणी होते तिथली पानं तर उचलूच नका. ती औषधं कीटकांसारखीच श्रिंपलाही मारतात, आणि उकळून ती जातील या भरवशावर राहू नये.

पान धुऊन स्टीलच्या पातेल्यात ५ ते १० मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या. तांब्या-पितळेचं भांडं नको, तांबं श्रिंपला विषारी असतं. उकळलेलं पान लवकर बुडतं, पाण्याला रंगही कमी येतो. (चहासारखा फिकट रंग आला तरी घाबरायचं कारण नाही.)

२० लिटरच्या टाकीत २०-३० श्रिंप असतील तर तळहाताएवढा एक तुकडा पुरे. हौसेने चार-पाच पानं एकदम टाकली की घोटाळा होतो: कुजताना ती पाण्यातला ऑक्सिजन ओढतात, पाणी दुधाळ होतं, श्रिंप वर पृष्ठभागाशी जमतात. अशा वेळी पानं काढा, एअर पंप वाढवा, पाव भाग पाणी बदला. पानावरचं पांढरं, कापसासारखं बुरशीचं आवरण निरुपद्रवी असतं, ते श्रिंपच साफ करतात. पानाखालची वाळू काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर मात्र पान लगेच बाहेर.

आरओचं पाणी वापरत असाल तर पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं पाणी आम्ल) तपासत राहा; त्यात क्षार नसल्याने थोड्या पानांनीही तो घसरतो. बोअरच्या जड पाण्यात सहसा फारसा फरक पडत नाही.

जाळी उरली की दुसरा तुकडा टाका, पण जुनी जाळी दोन-चार दिवस राहू द्या, पिल्लं तिच्यावरच असतात.